कमावलेले आडनाव

वडिलांचा व्यवसाय मुलाने पुढे चालवावा, ही गोष्ट भारतीय समाजाला नवी नाही. सुताराचा मुलगा रंधा हाती घेतो, वैद्याचा मुलगा नाडी पाहू लागतो, कीर्तनकाराचा मुलगा उपरणे सावरून कीर्तनाला उभा राहतो, याबद्दल गावाने कधी तक्रार केली नाही. तक्रार सुरू झाली ती गादी आली आणि विद्या आली नाही, तेव्हा. वारशाने मिळालेल्या आसनावर बसणाऱ्याच्या अंगी त्या आसनाची योग्यता आहे की नाही, हे विचारण्याची सोयच ज्या ज्या क्षेत्रांत उरली नाही, तेथे वारशाची घराणेशाही झाली.

हिंदी चित्रपटसृष्टीत ही तक्रार २०१७ साली जाहीरपणे मांडली गेली. कंगना रणौत यांनी करण जोहर यांच्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमात, त्यांच्या समोर बसून, त्यांच्यावर घराणेशाही पोसल्याचा आरोप केला. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांचे निधन झाले आणि ‘नेपोटिझम’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांतील जेवणाच्या पंगतीपर्यंत येऊन पोहोचला. लोकांचा संताप अकारण नव्हता. वारंवार अपयशी ठरूनही ज्यांना पुन्हा पुन्हा संधी मिळते आणि गुण असूनही ज्यांना दारात ताटकळावे लागते, यांच्यातील अंतर सामान्य प्रेक्षकाला दिसत होते. मात्र संतापाच्या भरात एक गोष्ट घडली. प्रसिद्ध घरात जन्मलेले प्रत्येक मूल एकाच मापाने मोजले जाऊ लागले. आडनाव दिसले की निकाल लागू लागला. असा निकाल देणारा समाज घराणेशाही संपवत नाही. तो फक्त परीक्षा न घेता नापास करतो, आणि घराणेशाही परीक्षा न घेता उत्तीर्ण करते. दोन्हींत परीक्षा नाहीच.

म्हणून हा प्रश्न एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावर घासून पाहणे आवश्यक आहे. ज्येष्ठ विनोदी अभिनेते जॉनी लिव्हर आणि त्यांच्या कन्या, स्टँड-अप कलावंत जेमी लिव्हर, हे ते उदाहरण. मुंबईतच घडलेली ही दोन पिढ्यांची वाटचाल वारसा आणि घराणेशाही यांतील सीमारेषा पुष्कळ स्पष्ट करून दाखवते.

जॉनी लिव्हर यांचे मूळ नाव जॉन प्रकाशराव जनुमाला. १९५७ साली आंध्रातील एका तेलुगू कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि बालपण मुंबईत, धारावीच्या वस्तीत गेले. वडील हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात नोकरीला. घरात भावंडे अनेक आणि मिळकत तोकडी. सातवीनंतर शाळा सुटली. रस्त्यावर पेन विकताना हा मुलगा चित्रपटातील नटांच्या नकला करू लागला, कारण नुसते पेन विकणाऱ्यापाशी गिऱ्हाईक थांबत नाही, हसवणाऱ्यापाशी थांबते. पुढे वडिलांच्याच कारखान्यात तो कामगार म्हणून लागला. जड पिंपे वाहून नेण्याचे ते काम. त्या कारखान्यातील युनियनच्या एका कार्यक्रमात त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हुबेहूब नकला केल्या आणि हसून बेजार झालेल्या कामगारांनी त्याला नाव बहाल केले, ‘जॉनी लिव्हर’.

या नावाचा उगम नीट ध्यानात घेतला पाहिजे. आज जे आडनाव प्रसिद्ध म्हणून ओळखले जाते, ते कोणत्याही वंशावळीतून आलेले नाही. ते दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसांनी, आपल्यातल्याच एकाला, त्याने दिलेल्या हशाच्या बदल्यात दिले. कंपनीने २००७ साली आपले नाव बदलून ‘हिंदुस्थान युनिलिव्हर’ असे केले. कामगारांनी ठेवलेले नाव मात्र बदलले नाही. ते एका कुटुंबाचे आडनाव होऊन बसले.

पुढचा प्रवासही कोणाच्या पुण्याईवर झालेला नाही. प्रताप जानी आणि राम कुमार या ज्येष्ठ नकलाकारांकडून त्यांनी धडे घेतले. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांत गाण्यांच्या मधल्या जागा भरून काढताना त्यांची कला घोटली गेली. १९८१ साली त्यांनी कारखाना सोडला. कल्याणजी-आनंदजी या संगीतकार बंधूंनी त्यांना आपल्या मंचावर उभे केले आणि १९८२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासह झालेल्या परदेश दौऱ्यावर नेले. त्याच वर्षी सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये त्यांना भूमिका मिळाली. तरीही खरे यश यायला आणखी ११ वर्षे लागली. अब्बास-मस्तान यांच्या ‘बाजीगर’मधील (१९९३) विसराळू बाबूलालने त्यांना घराघरांत नेले. ‘दीवाना मस्ताना’ (१९९७) आणि ‘दुल्हे राजा’ (१९९८) या चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. धाकटे बंधू जिमी मोझेस हेही नकलाकार म्हणून नावारूपाला आले. अशा रीतीने, ज्या घरात एके काळी शाळेची फी भरण्याची पंचाईत होती, ते घर ‘प्रसिद्ध घराणे’ झाले.

जेमी यांची सुरुवात याच्या अगदी उलट्या टोकाला झाली. त्यांना अभाव ठाऊक नव्हता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात त्यांनी विपणन संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि तेथेच बाजार-संशोधन क्षेत्रातील एका संस्थेत नोकरी पत्करली. ज्याची शाळा सातवीत सुटली, त्याची मुलगी परदेशी विद्यापीठाची पदवी घेऊन स्थिरस्थावर झाली, येथेच ही कथा सुखान्त मानून संपली असती. तशी ती संपली नाही. २०१२ साली जेमी मुंबईच्या ‘कॉमेडी स्टोअर’ या विनोदगृहाच्या मंचावर उभ्या राहिल्या. हे विनोदगृह लोअर परळला, जेथे पूर्वी फिनिक्स गिरणीचे भोंगे वाजत, त्या आवारातील मॉलमध्ये होते. वडील कारखान्यातील कामगारांना हसवून मोठे झाले. कन्येने आरंभ केला तो गिरणी जाऊन तिच्या जागी उभ्या राहिलेल्या वातानुकूलित सभागृहात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर. एका पिढीत मुंबई किती बदलली, हे सांगायला यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आडनावाने जेमी यांना काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २०१३ मध्ये सोनी वाहिनीवरील ‘कॉमेडी सर्कस के महाबली’ या कार्यक्रमात त्या दिसल्या. २०१५ मध्ये ‘किस किसको प्यार करूँ’ हा पहिला चित्रपट मिळाला, आणि त्याचे दिग्दर्शक होते अब्बास-मस्तान, म्हणजे ज्यांनी २२ वर्षांपूर्वी वडिलांना ‘बाजीगर’ दिला तेच. ‘हाऊसफुल ४’मध्ये (२०१९) बाप-लेक एकाच चित्रपटात आले. ओळखीचे दार ठोठावणे आणि अनोळखी दार ठोठावणे यांत अंतर असते, हे मान्य केलेच पाहिजे. लहानपणापासून घरात तालमी ऐकणे, शब्दाचा ठेका कोठे पडतो हे जेवताना-बोलताना कळत जाणे, फसलेल्या प्रयोगानंतर घरी परतलेला बाप पाहणे, हे शिक्षण कोणत्याही शुल्कात मिळत नाही. जेमी यांना ते मिळाले.

तथापि आडनावाचे सामर्थ्य जेथे संपते, ती रेषा स्टँड-अपमध्ये फार जवळ आहे. चित्रपटात दिग्दर्शक असतो, संकलक असतो, दहा वेळा चित्रीकरण करून अकरावे निवडता येते. पार्श्वसंगीत फिक्या प्रसंगाला उठाव देते. एकट्याने माइकसमोर उभे राहणाऱ्याजवळ यांतले काहीच नसते. प्रसिद्ध पित्याच्या मुलीला प्रेक्षक कुतूहलाची दोन मिनिटे देतो. तिसऱ्या मिनिटाला त्याला हसू आले नाही, तर टाळीसाठी उचललेला हात तो मोबाइलकडे नेतो. हशा ही अशी दाद आहे की ती शिष्टाचार म्हणून फार वेळ देता येत नाही. गायकाला दाद भिडेखातर देता येते, वक्त्याला टाळी संकोचाने देता येते, हसू मात्र आतूनच यावे लागते.

त्याशिवाय त्या आडनावाचा एक भारही आहे. अनोळखी कलावंताची तुलना कालच्या अनोळखी कलावंताशी होते. जेमी यांची तुलना पहिल्या दिवसापासून चार दशके मंच गाजवणाऱ्या पित्याशी होते. वडिलांचेच विनोद उचलावेत, तर नक्कल ठरते. टाळावेत, तर ‘वडिलांसारखे नाही’ हा शेरा ठरलेला. शिवाय वडिलांची बहुतेक पुंजी पुरुष नटांच्या आवाजांची आणि लकबींची, ती जशीच्या तशी मुलीच्या उपयोगाची नव्हती. आपल्याकडे नकलेचा धंदा दीर्घकाळ पुरुषांच्याच हाती राहिला. जेमी यांना नवे खाते उघडावे लागले. त्यांनी आशा भोसले, फराह खान अशा स्त्रियांच्या बोलण्याची ढब, हुंकार, शब्दांवर रेंगाळण्याची रीत टिपली. निरीक्षणाची पद्धत वडिलांची, निरीक्षण स्वतःचे. कलेचा वारसा खऱ्या अर्थाने चालवणे म्हणतात ते यालाच.

महाराष्ट्राला हा भेद समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. यशवंत पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला येथे रुजवली आणि अर्धवटरावाला बोलते केले. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यंत्र अभियंता झाले, तरी त्यांनी १९६७ पासून तो बाहुला आपल्या हाती घेतला, दूरदर्शनच्या काळात तो देशभर नेला आणि ‘झपाटलेला’साठी (१९९३) तात्या विंचूचा बाहुला घडवला. आज तिसऱ्या पिढीतील सत्यजित हेही शब्दभ्रमकार आहेत. या घराला कोणी घराणेशाही म्हणत नाही, कारण ओठ न हलवता बोलणे हे आडनावाने येत नाही. गानक्षेत्रात गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकरांनी आपल्या कन्येला, किशोरी आमोणकरांना, कठोर तालीम दिली. त्या कन्येने पुढे घराण्याच्या चौकटीला प्रश्न विचारत स्वतःची वाट काढली, त्याबद्दल जाणकारांची टीका सोसली आणि अखेर ती वाट मान्य करायला लावली. मातेचे ऋण तिने मातेची प्रतिकृती होऊन फेडले नाही.

या परंपरेची आणखी एक बाजू आहे, ती अधिक महत्त्वाची. येथे वारसा केवळ रक्ताचा मानला गेला नाही. मराठी विनोदात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना राम गणेश गडकऱ्यांनी गुरू मानले आणि गडकऱ्यांना आचार्य अत्र्यांनी. तिघांची आडनावे निराळी, कुळे निराळी, तरीही हास्याचा दिवा एकाकडून दुसऱ्याकडे गेला. किराणा घराण्याची गायकी अब्दुल करीम खाँसाहेबांकडून सवाई गंधर्वांकडे आणि त्यांच्याकडून भीमसेन जोशींकडे आली, तीही अशीच. ‘घराणे’ हा शब्द ज्या संस्कृतीने विद्येला लावला, त्याच संस्कृतीत शिष्याचे स्थान पुत्राच्या बरोबरीचे राहिले. घराणे दार उघडे ठेवते, घराणेशाही ते बंद करते. ज्या क्षेत्रात वारसदाराला नाकारण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती आहे, तेथे वारसा निर्धास्तपणे नांदावा. रंगमंचावर तो अधिकार प्रेक्षकाच्या हाती असतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे राहणारे पक्ष, सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था यांत तो कोणाच्या हाती आहे, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा.

वारशात काय घ्यावे, याइतकेच काय घेऊ नये, हेही ठरवावे लागते. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत झालेला ‘एआयबी’चा कार्यक्रम आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटंट’वरून उठलेले वादळ, दोन्ही वेळी शिवराळपणालाच धाडस समजण्याच्या वृत्तीवर समाजाने नापसंती नोंदवली. आजी आणि नात शेजारी बसून हसू शकतील असा विनोद करणे अधिक अवघड असते, कारण तेथे धक्का देऊन हशा मिळवता येत नाही. जॉनी लिव्हर यांची लोकप्रियता प्रामुख्याने अशा एकत्र बसलेल्या घरांतील आहे. त्याचबरोबर त्या काळच्या हिंदी चित्रपटांनी तोतरेपणा, काळा रंग, लठ्ठपणा यांवर सर्रास हशा वसूल केला, हा दोषही नाकारता येणार नाही. तसेच स्त्री विनोदी पात्राच्या वाट्याला टुनटुन यांच्या काळापासून ठरावीक चौकटीच आल्या. जेमी यांच्या पहिल्या चित्रपटातील भूमिकाही मोलकरणीचीच होती. मागच्या पिढीचे कसब घ्यावे आणि तिच्या उणिवा मागे ठेवाव्यात, एवढी अपेक्षा नव्या पिढीकडून करणे गैर नाही.

येथवर प्रश्न वारसदाराचा झाला. खरा गंभीर प्रश्न वारसा नसलेल्याचा आहे. आज धारावीत पेन विकणारा एखादा मुलगा असेल, तर त्याने कोठे उभे राहावे? १९७०च्या दशकात त्याला युनियनचा कार्यक्रम होता, ऑर्केस्ट्रा होता, गणेशोत्सवाचा मांडव होता. २००५ साली सुरू झालेल्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने तेच काम दूरचित्रवाणीवर केले. विदर्भातील हिंगणघाटचा सुनील पाल पहिल्या पर्वाचा विजेता ठरला, २००७ मध्ये अमृतसरच्या पोलीस कर्मचाऱ्याचा मुलगा कपिल शर्मा जिंकला आणि २००८ मध्ये त्याच शहरातील, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेली भारती सिंह देशाला ठाऊक झाली. जेमी यांना पहिला चित्रपट मिळाला, त्याचा नायक हाच कपिल शर्मा होता. प्रसिद्ध घरातील कन्या दुय्यम भूमिकेत आणि सामान्य घरातील मुलगा नायक, हे दृश्य घराणेशाहीवरील कोणत्याही भाषणापेक्षा आश्वासक आहे. विनोदाच्या क्षेत्रात दार अजून पूर्ण बंद झालेले नाही, याचा तो पुरावा.

पण ते आपोआप उघडे राहील, या भ्रमात कोणी राहू नये. कारखाने गेले, त्यांच्याबरोबर कामगारांचे रंगमंच गेले. ऑर्केस्ट्रा मागे पडले. शहरांतील विनोदगृहांत तिकिटाची रक्कम आणि भाषेची ठेवण, दोन्ही वस्तीतील मुलाला परकी वाटतात. मोबाइलने प्रत्येकाला मंच दिला हे खरे, परंतु तो मंच प्रेक्षकांची संख्या मोजतो, चूक दाखवत नाही. प्रताप जानी किंवा कल्याणजी-आनंदजी यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. आणि ज्या मांडवांत एके काळी एकपात्री, नकला, मेळे रंगत, त्यांतील अनेक मांडव आज ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी भरून गेले आहेत.

येथे समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची जबाबदारी सुरू होते. गणेशोत्सव मंडळ, वसंत व्याख्यानमाला, शाळेचे स्नेहसंमेलन, वस्तीतील सेवाकेंद्र, कोजागरीचा कार्यक्रम, यांपैकी प्रत्येकाला वर्षातून एकदा एका अनोळखी मुलाला वा मुलीला दहा मिनिटे देता येतील. त्यासाठी निधी लागत नाही, मोठी यंत्रणा लागत नाही. कार्यक्रमानंतर त्याला बाजूला घेऊन काय जमले आणि काय फसले, हे आपुलकीने सांगणारे एखादे वडीलधारे माणूस मात्र लागते. घराणेशाहीविरुद्ध सामाजिक माध्यमांवर लिहिलेल्या शंभर प्रतिक्रियांपेक्षा अशी दहा मिनिटे अधिक फलदायी ठरतील.

मध्यमवर्गीय कुटुंबांनीही आरशात पाहावे. चित्रपटातील घराणेशाहीवर तावातावाने बोलणाऱ्या घरांत दवाखाना, वकिली, दुकान मुलाकडेच जाईल हे गृहीत धरलेले असते, आणि त्याच्या योग्यतेचा प्रश्न कोणी काढत नाही. त्याच घरातील मुलीने पदवी आणि नोकरी बाजूला ठेवून लोकांना हसवण्याचा मार्ग निवडते म्हटले, तर ‘लोक काय म्हणतील’ हा पहिला प्रश्न येतो. मुलीने मोठ्याने हसणेसुद्धा जेथे खटकते, तेथे तिने हसवण्याचा व्यवसाय करावा हे पचणे कठीणच. विनोदाच्या वाटेने वर आलेल्या जॉनी लिव्हर यांनी मुलांना आधी शिक्षण दिले आणि मुलीने मंचाचीच निवड केल्यावर तिच्या सोबतीने ते मंचावर उभेही राहिले. पाया पक्का करून द्यावा, मग निवडीच्या आड येऊ नये, ही रीत कोणत्याही घराने उचलावी अशी आहे. त्यासाठी घर प्रसिद्ध असण्याची गरज नाही.

जेमी लिव्हर पित्याइतक्या मोठ्या होतील की नाही, याचा निर्णय काळ आणि प्रेक्षक मिळून करतील. तो निर्णय आडनाव पाहून आधीच देण्याचा अधिकार कोणालाही नाही, त्यांच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. त्यांना मिळालेले आडनाव कामगारांनी एका हशाच्या मोबदल्यात दिले होते. ते कायमचे विकत घेता येत नाही, दर प्रयोगाला पुन्हा कमवावे लागते. आणि असे नवे आडनाव आणखी एखाद्या मुलाला देण्याची ताकद आजही समोर बसलेल्या सामान्य माणसांच्याच हाती आहे. त्याला उभे राहायला जागा तेवढी ठेवली पाहिजे.